राखणीची बोट थांबत न्हाई

१२ जानेवारी, रविवार

रिसॉर्टचा माणूस आज पुन्हा आला. रईसनं कामावर कधी यायचं ठरवलंय, बोट नुसती बांधून पडलीय, दुसरा चालवणारा मिळंना — असलं सगळं मला ऐकवलं. रईस खोलीतून भाईर आला न्हाई. मीच सांगितलं, "नातू लढाईवर गेलाय. सफेदबंदरला." बघतच ऱ्हायला मेला.

सफेदबंदर म्हणजे देश. जगात कुटंच न्हाई तो. रईसनं मनानं काढलाय. असले देश काढणारी पोरं लई हायेत म्हणे, कम्पुटरवर भेटतात अन् एकमेकांशी लढतात. ह्याच्याकडं त्या देशाचं नौदल. बाप मातीत जाऊन चार महिने झाले, अन् ह्याला नौदल! चोवीस वर्षांचा घोडा. धरणावर बोट चालवत होता तवर माणसात होता.

१५ जानेवारी

सुनेची इद्दत संपली, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरात बसायची. उद्यापासून मुनीरा उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला जाणार. "अम्मी, पांढरी ओढणी काढू का?" म्हणलं, काढ न्हाईतर ठेव, नसीर काय बघायला येत न्हाई. ओढणीत तोंड घालून रडली. मी कशाला बोलले? माझाच पोरगा होता तो. मी रडत न्हाई तर हिनंही रडू नये, असं काहीतरी डोक्यात येतं. लई वाईट हाय मी.

१९ जानेवारी, रविवार

दिवेलागणीला मगरिबची नमाज पढून झाली की मी त्या बोटवाल्याला शाप देते. रोज. मोठ्यानं. आजपण दिला.

त्या दिवशी धरणावर एकदम वारं सुटलं. नसीरची मासळीची होडी उलटी झाली. तो तिला धरून एक हात हलवत होता. कुठल्यातरी रिसॉर्टची बोट, माणसांनी भरलेली, त्याच्या जवळून गेली — थांबली न्हाई! हे पलीकडच्या वाडीतल्या गोमानं काठावरनं बघितलं. बोट कुणाची ते मात्र पावसात दिसलं न्हाई म्हणतो. दिसलंय त्याला. सांगत न्हाई. रईस तवा आपली बोट घेऊन दुसऱ्या अंगाला होता, न्हाईतर पोरानं बापाला वर काढलाच असता.

ज्यानं बघून तोंड फिरवलं त्याचा वंश बुडो. त्याच्या हाताला कीड लागो. अल्ला मला माफ करो, न्हाईतर न करो.

रईस अर्ध्या ताटावरनं उठला. मुनीरा म्हणाली, "अम्मी, जेवताना तरी नको." मंग कवा? माझा पोरगा जेवून बुडाला होता का?

२४ जानेवारी, शुक्रवार

त्याच्या खोलीत झाडू मारायला गेले. "दादी, बस की." बसले. हाडं दुखत होती म्हणून बसले, नौदलासाठी न्हाई.

तर ते असं. मालाची जहाजं समुद्रात ताफ्यानं जातात. त्यांच्याकडं तोफा न्हाईत, वेग न्हाई. म्हणून बाजूनं राखणीच्या बोटी चालतात, मेंढरांच्या बाजूनं कुत्री चालतात तशा. खाली पाणबुडी टपलेली. रईस काढतोय ती असली राखणीची बोट. लांबट, अरुंद, पुढं तोफ, मागं पाण्यात टाकायचे बॉम्ब. कुटं इंजिन, कुटं खलाशी झोपणार, सगळं रेघांनी दाखवलंय. हात चांगला हाय पोराचा. तसं बोलले न्हाई.

मी विचारलं, "एखादं जहाज बुडालं, माणसं पाण्यात पडली, मंग?"

"राखणीची बोट थांबत न्हाई, दादी. थांबली की पाणबुडीला आयती सापडती. मंग बाकीची जहाजं उघडी पडतात. तसा नियम हाय."

"कुठल्या हरामखोराचा नियम?"

"सगळीकडं असतो." स्क्रीनकडं बघूनच म्हणाला. "आमच्या रिसॉर्टलापण हाय. बोटीत माणसं असली की वाकडी वाट करायची न्हाई, आधी काठ."

म्हणलं, तुझ्या नौदलाला आग लाव! झाडू तितंच टाकून आले.

२७ जानेवारी

काल दिवसभर जेवला न्हाई. बोटीची तोफ काढून टाकली म्हणतो.

२ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर बोट मोडून पुन्हा जोडली. मला हाका मारून मारून दाखवली. तोफा गेल्या. एका अंगाची बाजू पार पाण्यापर्यंत खाली आणली, तिथं जाळ्या सोडल्या, बुडणाऱ्याला धरून चढता यावं म्हणून. आत खाटा. "आता ही थांबंल, दादी." म्हणलं, "बोट कुटं ऱ्हायली? हा तर सरकारी दवाखाना झाला!" हसला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. मला बी जरा बरं वाटलं, खोटं का लिवू.

दुसऱ्या देशांची पोरं म्हणत होती, ही लाटेत पाणी आत घेईल, हिला काय लढता येणार. ह्यानं ऐकलं न्हाई. दुपारी लढाई झाली. एक मालाचं जहाज बुडालं. रईसची बोट माणसं उचलायला थांबली. पाणबुडीनं आधी तिला फोडली, मंग मागचा सगळा ताफा. एकबी वाचलं न्हाई.

मला स्क्रीन दाखवला. निळं पाणी, वर काही न्हाई.

"उचललेली माणसं?"

"ती बी गेली, दादी. थांबलं तरी जातात. न्हाई थांबलं तरी जातात."

म्हणलं, अरे खेळ हाय तो. माझ्याकडं असं बघितलं की मी उठून भाईर आले.

संध्याकाळी मुनीरानं लोखंडी पान्यानं त्याच्या दाराची आतली कडी काढून टाकली. "अम्मी, मी कामावर असते. त्याला एकटा नका सोडू." शेवटचा नट तिला निघंना. मी पाना धरला.

४ फेब्रुवारी

कडी काढली म्हणून भांडला न्हाई. भांडला असता तर बरं झालं असतं.

नुसता पडून असतो. मी दाराशी तांदूळ निवडत बसते. एकच परात तीनदा निवडली. एक पोरगा पाण्यानं नेला, आता हा डोळ्यांदेखत कोरडा बुडतोय. काय करू? दुवा मागायला बसते अन् शापच निघतो तोंडातून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गोमा मध विकायला आला. धरून बसवला ओट्यावर, चहा दिला.

"बोट कुणाची ते सांग."

"सोड की आजे. मेला तो मेला."

"तुझा मेला असता तर?"

चहा बशीत ओतला, तसाच धरून बसला. मंग म्हणाला, "माझं नाव पुढं घालू नको. सोमवारी येतो तुझ्यासंगं चौकीत. बोटीचा रंग सांगतो, बाकी तुमचं तुमी बघा."

शेवटी! रईसच्या दाराशी उभं ऱ्हाऊन सांगितलं, उठ आता, तुझ्या बापाला बुडवणारा सोमवारी सापडतोय.

८ फेब्रुवारी

आज आपणहून चुलीपाशी आला. अंघोळ केली होती. मी चिलापी मासे साफ करत होते.

"दादी, एक सांग. तू राखणीच्या बोटीवर हायेस. बोट माणसांनी भरलीय, मांडीवर बारकी पोरं. वारं लई. बाजूला एकजण पाण्यात. वळलीस तर बोट आडवी होती, सगळीच जातात. काय करशील?"

म्हणलं, आला पुन्हा सफेदबंदरचा! हात खवल्यांनी भरलेले, डोकं मासळीत. म्हणाले, "काय करायचंय त्यात? पोरं हायेत ना बोटीत? आधी काठाला टाकायची, मंग फिरून यायचं."

"अन् तो एक?"

"त्यानं धरून ऱ्हावं."

तितंच बसला बराच वेळ. मासे धुऊन झाले तरी बसला होता. दोन भाकरी खाल्ल्या. मुनीरा माझ्याकडं बघून हसली.

९ फेब्रुवारी, रविवार

ती बोट रईसची होती. सकाळी त्यानंच सांगितलं, उभ्यानं. माणसं काठाला टाकून एकटा फिरून गेला — होडी होती, नसीर नव्हता.

गोमाला निरोप धाडला, उद्या येऊ नको.

मगरिब पढले. हात वर केले, तोंडातून काही निघंना. वळून बघितलं तर रईस दारात येऊन उभा. रोजचा शाप ऐकायला.