चरबी वितळतेय म्हणे

मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६, शिरगाव

डोकं फिरलंय माझं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून दीड महिना पप्पांच्या मांड्या ठणकतायत, पण डॉक्टरला सांगणार नाहीत. का? तर म्हणे, "चरबी वितळतेय, दुखणारच." कंपनीतल्या कोणीतरी डोक्यात भरलंय. जास्त दुखलं की उलट खूश!

आज उल्हासनगरला जीन्सची दुकानं बघत उगाच फिरलो, मग आठवलं, गोळ्या घ्यायच्यात. मेडिकलवाला सिंधी शेठ म्हणाला, "इस गोली से किसी किसी के पैर दुखते हैं. डॉक्टर को बोल, बदल देगा. अपने मन से बंद मत करना."

घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, "दहावी नापास मला शिकवणार!" चरबी वितळतेय म्हणे. माणूस आहात का मेणबत्ती?

रात्री जेवून पप्पांना जमिनीवरून उठताच येईना. दोनदा हात टेकले, तरी नाही. शेवटी मीच ओढून उभं केलं. आई ताटं घेऊन आत गेल्यावर हळूच म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे चल. तूच सांग त्यांना."

जिंकलो म्हणायचं. पण राग जातच नाहीये. इतके दिवस हसत हसत कशाला सोसलं या माणसानं?