लोरेनला सेवेचा बिल्ला

रिव्हरसाइड,
९ सप्टेंबर

लोरेन,

तुझं पत्र मिळालं. माझे गुडघे तसेच आहेत, टोमॅटो यंदा उन्हाने करपले. आपल्या करमणूक पार्कने तुला सेवा आणि योगदानाचा सन्मान दिला, सोन्याचा बिल्ला मिळणार, त्याबद्दल अभिनंदन. इथे शिवणखात्यात पोरी मलाच येऊन सांगतात, "व्हर्ना, तुझी बहीण म्हणजे धन्य आहे बाई!" मी मान डोलावते आणि अस्वलाच्या सोंगाची फाटकी पाठ शिवत बसते.

मी स्टेजवर येऊन तुझ्याबद्दल दोन गोड शब्द बोलावेत म्हणतेस. क्लेटनलाही आवडलं असतं म्हणे. माझ्या नवऱ्याचं नाव तुझ्या तोंडी शोभत नाही.

कॅन्टीनमध्ये तुझा मोठा फोटो लावलाय. रांगेत मुलं, शेजारी अस्वल, दोन्ही पंजे डोक्यावर. फोटोवर तारीख आहे, क्लेटन त्या सोंगात उन्हाने गेला त्याच दिवसाची. खाली लिहिलंय, 'हिच्या रांगेतलं एकही मूल अस्वलाला भेटल्याशिवाय परत गेलं नाही.' सगळे म्हणतात, अस्वल किती गोड! ऑफिसातल्यांना काय कळतंय? सोंगातल्या माणसाला बोलायची बंदी. पंजे डोक्यावर म्हणजे मला आत ने, आता सहन होत नाही. आत न्यायचं काम तुझं होतं. आणि फोटोत तू त्याच्याकडेच बघतेयस, हसत, एक बोट वर करून. म्हणजे, एक मिनिट थांब!

दवाखान्यात मला काय म्हणालीस? "त्याने खूणच केली नाही गं. हट्टी होता." मी विश्वास ठेवला. त्याच्या थडग्यापाशी उभी राहून मी त्यालाच शिव्या घातल्या, मेल्या, एकदा हात वर केला असतास तर काय बिघडलं असतं? ट्रॅव्हिसलाही तेच सांगत वाढवलं, तुझा बाप हट्टापायी गेला. आणि तू दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याच टेबलावर बसून टर्की खाल्लीस. मला तुझी किळस येते, लोरेन.

रविवारी ट्रॅव्हिसला नेऊन तो फोटो दाखवला, खूण समजावली.

"म्हणजे बाबांनी सांगितलं होतं."

"हो."

"आणि मावशीने बघितलं होतं."

"हो."

मी समारंभाला येणार नाही. माझ्याऐवजी ट्रॅव्हिस बोलणार आहे. त्याने ऑफिसला कळवलंय, भाचाच बोलणार म्हणून तिथे सगळे खूश आहेत. बिल्ला घ्यायला जायचं की नाही, ते तू ठरव.

क्लेटनची बायको,
व्हर्ना