प्रोफेसरसाबांनी हाल विचारला

हैदराबाद

आईच्या पायावर केरबाचं डोकं.

मी खुशाल हाय, पोटभर जेवतो. झोप तेवढी येत न्हाई, पण तू घोर लावून घेऊ नको. हळद शिजवून झाली का?

काल आमच्या कालेजातल्या प्रोफेसरसाबांनी जवळ बसवून विचारलं, "बेटा, क्या हाल है?" मला वाटलं, माझे हाल होऊन राहिले असं त्यांना कुणीतरी सांगितलं असंल. मी म्हणलं, "कुछ हाल नहीं, साब," अन् रडूच फुटलं. काहून, ते अजून उमजंना. साब रागावले न्हाईत, नुसतं ऐकत बसले. मंग म्हणाले, उर्दूत हाल म्हंजे खुशाली. जुम्म्याला, म्हंजे शुक्रवारी, परत बोलावलंय. जाऊ का?

बापू गेल्यापासून तुलाबी हे कुणी विचारलं न्हाई. म्हणून विचारतो, आई, तुझा हाल काय हाय?

तुझा लेक,
केरबा