बुडाला काच लावलेली घागर

५ डिसेंबर १९३८, सकाळ.
वरून सर्क्युलर आले. प्रत्येक गावाने आपल्या नाल्याची प्रकृती तपासून कळवावी. पाणी कसे, मासे-खेकडे जिवंत आहेत का, वगैरे. पाटलांनी न वाचताच शाळेत पाठवले. इंझोरीत इंग्रजी वाचणारा मास्तर मी एकटाच. अखेर योग्य माणसाकडे काम आले.

तोच दिवस, संध्याकाळ.
मोठा शोध. नाला गुडघाभरच, पण वरून चमकतो, तळ दिसत नाही. उपाय: भांड्याचे बूड कापायचे, तिथे काच बसवायची, भांडे पाण्यावर टेकवून तोंडाशी डोळे लावायचे. बायकोची, कस्तुराची, तांब्याची घागर बरोबर मापाची निघाली. गफ्फार कल्हईवाल्याने लाखेने काच बसवून दिली. कापण्याआधी तीनदा म्हणाला, घरी विचारले का. हे लोक पुढे जात नाहीत ते ह्यामुळेच. घागरीत पाणी भरू नका, काच टिकायची नाही, असेही म्हणाला. आता ह्या घागरीत पाणी कोण भरतो?

६ डिसेंबर.
कस्तुराला इन्स्ट्रुमेंट दाखवले. घागर मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. भारावली असावी.

८ डिसेंबर.
कस्तुरा भावाच्या बैलांच्या दमणीत बसून कामरगावला माहेरी गेली. ह्या घरात पाणी भरणे आता जमायचे नाही, एवढेच म्हणाली. म्हणजे नाल्याचे पाणी खराब. मला संशय होताच. संकल्प: महिन्यात नाला निरोगी करणे व कस्तुराला परत आणणे.

९ डिसेंबर.
भाकरी करपली. पाण्याची अडचण नाही, शेजारची तुळसाबाई दारात हंडा ठेवून जाते.
नाल्यावर गेलो. घागरीतून पाहिले. काळे दिसले. काच पुसली, तरी काळेच. ती रामकिसनची म्हैस होती. त्याला म्हटले, म्हशी दुसरीकडे ने. तो म्हणाला, म्हशीलाच सांगा.

११ डिसेंबर.
बोर्ड लावला: ‘नाल्यात म्हशी व धुणे बंद. हुकमावरून.’ गावात ज्यांना वाचता येते ते माझ्या शाळेत शिकतात, आणि तेच म्हशी घेऊन आले.

१४ डिसेंबर.
झोप नाही. रोज वेगळ्या जागी तपासणी केली तर रिझल्ट वेगळा येणारच. म्हणून काठाने ओळीत सात दगड मांडून सात स्टेशने केली. लांबून दिसावेत म्हणून लाल रंग. गेरू धुऊन जातो, तेलात कालवलेला शेंदूर जात नाही. हा माझा स्वतःचा रिसर्च.

१८ डिसेंबर.
स्टेशन नं. ३ वर नारळ. नं. ५ वर हळद-कुंकू व हिरव्या बांगड्या. लोकांना सायन्सची गोडी लागते आहे.

२८ डिसेंबर.
विजय! म्हशी बंद. धुणे बंद. रामकिसन लांबच्या वाटेने म्हशी नेतो आणि जाताना हात जोडतो. बोर्डाचा परिणाम. पाणी नितळ. तळाला शिंपले, बारीक मासे, दगडाखाली खेकडा. त्याने बोट धरले. खेकडा निरोगी आहे.
कस्तुराला पत्र लिहिले. खेकड्याचे सविस्तर वर्णन केले.

६ जानेवारी.
उत्तर नाही. दुसरे पत्र, शिंपल्यांविषयी.

१० जानेवारी.
उत्तर नाही. करमत नाही. घरात चालतो, नाल्यावर जातो, परत येतो. दुकानदार हबीब कामरगावच्या बाजाराला निघाला होता, त्याच्याबरोबर नाल्याच्या पाण्याची बाटली पाठवली. स्वतःच पाहून घेईल.

१२ जानेवारी.
हबीब परतला. कस्तुराने बाटली तुळशीला ओतली म्हणे. फेकली नाही. शुभचिन्ह.

१४ जानेवारी, संक्रांत.
नाल्यावर बायांची गर्दी. तुळसाबाईने मला चपला काढायला लावल्या. ह्या साती आसरा आहेत, पाण्यातल्या देवी, असे मलाच समजावू लागली. म्हटले, ही स्टेशने मी मांडली, शेंदूर मी लावला. ती म्हणाली, “मनात येईल त्याच्याच हातून मांडून घेतात त्या, मास्तर. तुमाले का समजते?” अडाणीपणाला काय बोलावे. रिपोर्टमध्ये ‘बोर्डामुळे सुधारणा’ असे लिहिले.

२७ जानेवारी.
कस्तुरा उद्या येते! जगदेव, तिचा भाऊ, निरोप देऊन गेला. घर झाडले. घागर चिंचेने घासून लखलखीत केली.

२८ जानेवारी, दुपार.
दमणी घरी न येता सरळ नाल्यावर. आसरांची ओटी भरायची होती म्हणे. मी घागर घेऊन पाण्यात उभाच होतो. म्हटले, बघ, तळ बघ, किती स्वच्छ. आता घरी चल. तिने पाण्याकडे पाहिलेच नाही. घागरीच्या काठावरून हात फिरवला.
“पान्यापायी कोन गेलं होतं?” ती म्हणाली. “माह्या मायची घागर होती ते. माय गेली, हेच राह्यली होती. तुमी मले इचारलं काय?”
ओटी भरली, दमणीत बसली, गेली.
प्रवासाने थकली असावी.

तोच दिवस, संध्याकाळ.
थकलेली नव्हती.

२९ जानेवारी, सकाळ.
गफ्फारकडे गेलो, कापलेले बूड परत लाव म्हटले. त्याने त्याचे झाकण करून केव्हाच विकले होते. ह्या वेळी मला काहीच विचारले नाही. वाईट वाटले. फार वाईट वाटले.
संकल्प: आजपासून घरचे पाणी मी भरणार. ह्याच घागरीने. मग कामरगावला चालत जाऊन तिला तसे सांगणार.

तोच दिवस, दुपार.
घागर भरली. खांद्यावर घेतली. इतकी जड असते हे ठाऊक नव्हते. वाटेत तुळसाबाई दिसली, बाजूला होऊन तिने वाट दिली. उंबऱ्यापर्यंत आलो आणि काच सुटली.
पुसायला फडके शोधतो आहे. ह्या घरात फडके कुठे ठेवतात, कोण जाणे.