नागपूरचं मागचं दार

बाबा, आज सकाळपासून घरात दोन कॉलेजांवरून वाद चालला आहे आणि मला सारखं तुमचं हसू ऐकू येतं आहे. माझ्या नातीला, म्हणजे तुमच्या पणतीला, दोन्हीकडे प्रवेश मिळतो आहे. ती फोनवर मैत्रिणींना विचारते, कुठे कार्यक्रम जास्त होतात, हॉस्टेलच्या मुली कशा आहेत, कुठे करमेल. तिचा बाप चिडतो. निकाल बघ, प्राध्यापक बघ, करमायचं काय घेऊन बसलीस! मी मध्येच म्हटलं, माझ्या बापाने आधी तेच पाहिलं होतं. कोणाचा विश्वास बसेना. धान पेरणारा सौंदडचा शेतकरी, त्या काळात, मुलीचं कॉलेज पाहायला गेला आणि हे पाहून आला?

पण तुम्ही कॉलेज पाहिलंत ते स्थळ पाहावं तसं. ताईच्या लग्नाच्या वेळी तुम्ही काय केलं होतं ते सगळ्या नात्यात गाजलं होतं. ओसरीत बसून पोहे खायचे, आणि मग पाय धुवायचं निमित्त करून थेट मागच्या अंगणात जायचं. तिथे बायका कशा बोलतात ते ऐकायचं. एका मोठ्या घरी तुम्ही मागे गेलात तशा सगळ्या बायका चिडीचूप झाल्या. तुम्ही परत येऊन टोपी घातली आणि निघालात. एवढी जमीन, एवढे बैल, अन् ह्याला झालं तरी काय, म्हणून मध्यस्थ डोक्याला हात लावून बसला.

माझा जीव गोंदियाच्या कॉलेजात होता. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी घरी. आई गेलेली, ताई सासरी, मग तुमच्या भाकरीचं कोण बघणार? शिवाय मला परक्या ठिकाणची भीती वाटायची, ते मी बोलले नव्हते. गोंदियाला तुम्ही पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे गेलात. मुलींची खोली तिकडेच होती, दाराला पडदा. तास झाला की सर पुढे, मुली मागे रांगेने वर्गात. तास संपला की पुन्हा पडद्याआड. मुलांचं मात्र मैदानात कबड्डीचं रण पेटलेलं. तुम्ही एका मुलीला विचारलंत, "बाई, तुमी दिवसभर काय करता?"

"अभ्यास."

"अन् मंग?"

"मंग गाडीची वाट पाहतो."

"अभ्यास त चांगलाच हाय," बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "पन गाडीची वाट आपन सौंदडलेही पाहू शकतो."

मग नागपूर. स्थळाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून तुम्ही चिन्नोर तांदळाची पिशवी खांद्यावर घेतलेली. मला फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभं केलंत आणि आत गेलात. हॉस्टेलच्या बाईंनी धोतर पाहिलं, पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, "तांदूळवाले ना? मागच्या दाराने जा, स्वयंपाकघरात." दुसरा कोणी रागावला असता. तुमची तर लॉटरीच लागली! ना पाय धुवायचं निमित्त, ना काही. तुम्ही मुकाट्याने मागे गेलात आणि किती तरी वेळ आलाच नाहीत. सावली सरकून मी उन्हात उभी, रडकुंडीला आलेली.

आलात तेव्हा बोटांना काजळी होती आणि हसू आवरत नव्हतं. गाडीत सगळं सांगितलंत. मुली स्वयंपाकघरात घुसून भाताच्या तळाची खरपुडी मागत होत्या, स्वयंपाकीणबाईंशी भांडत होत्या, एकीचं अर्धवट राहिलेलं गाणं दुसरी पुरं करत होती. तेवढ्यात एक उंचच उंच मुलगी तव्याची काजळी घ्यायला आली. त्यांचं नाटक होतं, ती राजा होती. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात आपल्याकडे पुरुष लुगडं नेसतात, इथे मुली मिशा लावतात! तिने तुमच्या मिशा पाहिल्या आणि विचारलं, "काका, अशी काढू का?" तुम्ही म्हणालात, "राजाची मिशी खाली नाही पडत बाई, वर जाते," आणि स्वतः काढून दिलीत. ते सांगताना तुम्ही डब्यात एवढे मोठ्याने हसलात की समोरची म्हातारी पण हसायला लागली. मी मात्र रडले.

"मी तिथं एकटी पडीन," मी म्हटलं.

तुमचं हसू थांबलं. "एकटी त तू घरी हायेस," तुम्ही म्हणालात. "मी धानाच्या बांधीत, तू चुलीजवर. आई गेल्यापासून तू कोनासंगं हासलीस, सांग बरं?"

बाबा, मी हसत नाही हे तुमच्या लक्षातच आलं नसेल, असं मला वाटायचं.

मोठे काका घरी येऊन गरजले होते, "पोरीले नागपूरले कायले धाडून राहिला तू?" तुम्ही बैलाला पेंढी टाकता टाकता म्हणालात, "हासाले." काकांना ते इतकं झोंबलं की पोळ्यापर्यंत बोलले नाहीत. आणि तुम्ही वर्षभर स्वतः शिजवलेला कच्चा भात खाल्लात, वर मला निरोप धाडलात की हात बसला आहे म्हणून.

नातीला मी एवढंच सांगितलं, दोन्हीकडे मागच्या दाराने जाऊन ये. तिला वाटलं आजी गंमत करते आहे. हे लिहिलेलं तर तिलाही दाखवणार नाही, आणि पाठवायला तुमचा पत्ता कुठे आहे? म्हणूनच सांगते. हॉस्टेलमधून दर कार्डावर मी लिहायची ना, तुमची फार आठवण येते, डोळ्याला पाणी येतं? आता येते, रोज येते. पण तेव्हा, पहिली दिवाळी उजाडेपर्यंत, तुमची आठवण काढायला मला वेळच मिळाला नाही, बाबा. आम्ही हसत होतो.