डाव्या कुशीवरची चकती

हॉर्शम,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप एनिड मावशीस,

मर्विनचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकून करायला हवा हे मला कळतं. पण या क्षणी मी संपूर्ण चिलखतात आहे, पाठीवरचं बक्कल अडकलंय, आणि ते सोडवू शकणारी एकुलती एक व्यक्ती, म्हणजे माझी बायको नोरीन, बोलिंग क्लबात गेली आहे. आत्ता वाकलो तर ती येईपर्यंत वाकलेलाच राहीन.) तुझा गुडघा कसा आहे? तिकडे लॉन्सेस्टनला थंडी सुरू झाली असेल, तर रात्री लोकरीची पट्टी बांधत जा. शेजारचा तो गृहस्थ अजून तुझी लिंबं 'खाली पडली होती' म्हणून उचलतो का? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. इकडे काडीचंही क्षेम नाही.

मावशी, आपल्या घराण्याचा भर मैदानात अपमान झाला आहे. आधी माझा झाला, मग तुझा झाला, आणि मग सर ऑस्बर्टचा, जो बिचारा सहाशे वर्षांपूर्वी वारला म्हणून गप्प आहे. मी जिवंत असल्यामुळे गप्प बसणार नाही. या पत्राची एक प्रत मी, जुन्या काळच्या लढाया खेळणाऱ्या आमच्या युद्धमंडळाच्या दफ्तरात लावणार आहे, त्यामुळे तुला माहीत असलेल्या गोष्टीही पहिल्यापासून लिहितो. कंटाळलीस तर मधला भाग सोड, पण शेवटचा वाचच.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली तू आणि विल्फकाका इंग्लंडला गेला होतात. तिथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये सर ऑस्बर्ट नावाच्या सरदाराच्या थडग्यावर त्याचं पितळी चित्र बसवलेलं आहे. पाद्रीबुवांची परवानगी काढून तू त्या पितळेवर कागद पसरलास, आणि काकांच्या चप्पलबुटांच्या दुकानातलं काळं मेण घासून त्याचा पूर्ण उंचीचा ठसा घेतलास. (त्या वेळी काका मेणाच्या डबीचं झाकण शोधत तासभर बाकांखाली रांगत होते आणि तू त्यांना 'एक वस्तू धड सांभाळता येत नाही' म्हणालीस, आणि मग बस येईपर्यंत तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत, हा भाग तू दर नाताळला सांगतेस. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.) तो ठसा तुझ्या घरात शिरल्याशिरल्या भिंतीवर आहे. लहानपणी सुटीत आलो की मी बूट काढायच्या आधी त्याला सलाम करायचो. काका त्याला 'आपला लोखंडी जावई' म्हणायचे, कारण तो फुकट राहायचा आणि कधी जात नसे.

आणि काकांच्या दफनानंतर, चहाच्या वेळी, हातातला लॅमिंग्टन केक तसाच ठेवून तू मला काय म्हणालीस ते आठवतं का? "मर्विन, या घरात आता तो आणि मी दोघंच उरलो. एकदा तरी त्याला भिंतीवरून उतरून चालताना बघायचंय मला." तू कदाचित उगाच बोललीस. पण मी ते मनावर घेतलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस मी, त्या दिवसापासून चिलखतकार झालो.

तीन वर्षं, मावशी! धान्याच्या जुन्या कोठाराचा पत्रा कापून, तापवून, ठोकून मी एकेक तुकडा घडवला. पुस्तकं मागवली, थडग्यांचे फोटो जमवले, बोटं भाजली. पायांचं चिलखत जमतंय का हे बघायला ते घालून दूध आणायला गेलो, तर दुकानदारीण म्हणाली, "काय हो मर्विन, पाय मोडले का दोन्ही?" शिरस्त्राण घालून अंगणात आलो, तर झाडावरच्या मॅगपाय पक्ष्याने टणाटणा चोची मारल्या. (सहाशे वर्षांपूर्वीच्या बाणांपासून वाचवणारी वस्तू, पण आतला आवाज असा की बाण परवडला.) नोरीनचं तर विचारू नकोस. "सहा महिने एक कढई आणायला सांगत होते, ती आणली नाहीस. आता स्वतःच कढई होऊन फिरतोयस," म्हणाली. मी सगळं सोसलं. का? तर माझा एकही रिव्हेटचा खिळा तुझ्या ठशापासून केसभर हललेला नाही म्हणून.

आता चकतीकडे वळतो. सर ऑस्बर्टच्या डाव्या कुशीवर, बरगड्या संपतात तिथे, तळहाताएवढी एक गोल चकती आहे. काखेजवळ अशा चकत्या त्या काळी असत. कुशीवर कुणाच्याच नाही, जगाच्या पाठीवर नाही, फक्त ऑस्बर्टच्या! आणि तिच्या कडेला अक्षरं आहेत. दोन्ही टोकं पुसट आहेत, पण मधली सात अक्षरं मी भिंगाखाली स्वच्छ वाचली: टी, ई, आर, पी, आर, ओ, ओ. मी ती घेऊन म्हाताऱ्या फादर किओघांकडे गेलो. ते म्हणाले, लॅटिनमध्ये 'टेर' म्हणजे तीनदा, 'प्रो' म्हणजे च्यासाठी, पुढचा 'ओ' कोण ते तुझं तू शोध. मी शोधला! ऑस्बर्टच्या बायकोचं नाव ओराबेल होतं. तीनदा, ओराबेलसाठी! म्हणजे हा माणूस बायकोसाठी तीनदा लढला, तिन्ही वेळा डाव्या कुशीत वार झेलला, आणि मग तिथे चकती ठोकून घेतली. लिहितालिहिता आत्ताही माझी मान ताठ झालीय. (घशाचा पट्टाही आवळलाय, ते वेगळं.) यावर मी बेचाळीस पानांचा निबंध लिहिला, आणि ती सात अक्षरं पोलादात कोरली. त्या चकतीवर कोपर आपटून सरावात मी अकरा वेळा पडलो, पण ऑस्बर्टने सोसलं ते मीही सोसेन म्हणालो.

आमच्या मंडळाचा नियम असा, की तीन हातांवरून जे दिसतं ते सगळं पुराव्याने सिद्ध करायचं. दिसत नाही त्याची विचारपूस नाही. हे बघणारी तपासनीस म्हणजे रोवेना टॅकेट. पूर्वी पोस्टात पत्रांच्या छाननीला होती, आणि अजून तिला सगळं जग चुकीच्या पत्त्यावर आलंय असंच वाटतं. परवा रविवारी स्पर्धेआधीची शेवटची तपासणी होती. रांगेत माझ्यापुढे डडली क्राउच. मावशी, या डडलीने निळ्या प्लास्टिकचं पिंप कापून छातीला बांधलंय! त्यावर अजूनही लोणच्याच्या काकड्यांचं चित्र आहे! पण वरून त्याने तागाचा अंगरखा घातला, म्हणून पास. रोवेनाने त्याच्याकडे पाहिलं आणि "पुढचा" म्हणाली. पुढचा मी.

तिने भिंग काढलं. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. (गाय विकत घेणारे मारतात तशा.) मग चकतीपाशी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मला वाटलं, बाई भारावली.

"मर्विन," ती म्हणाली, "हे कुठून काढलंस?"

"सर ऑस्बर्टच्या कुशीतून," मी म्हणालो. "एनिड मावशीच्या ठशावरून, थेट."

"मी त्या चर्चला पत्र घातलं होतं. फोटो आलाय. पितळेवर अशी चकती नाही."

"मग पितळ झिजलं असेल!"

"पन्नास वर्षांत? एकाच जागी? गोल?" मग तिने ते भिंग माझ्याच हातात दिलं. "तुझ्या सात अक्षरांच्या अलीकडे डब्ल्यू आणि ए लाव. पलीकडे एफ लाव. आणि मोठ्याने वाच."

मी वाचलं नाही. डडलीने वाचलं. "वॉटरप्रूफ!" आणि तो काकडीच्या पिंपात इतका हसला की पिंप घुमलं. सगळं मंडळ हसलं. रोवेना हसली नाही, हे कबूल करायला हवं. तिने वहीत लिहिलं, 'चकती अमान्य. चकतीसह प्रवेश नाही,' आणि मला सांगितलं की चकती काढ, नाहीतर स्पर्धेच्या दिवशी सॉसेज भाजायच्या शेगडीवर माणूस कमी आहे.

शेगडीवर! तू चौऱ्याऐंशीव्या वर्षी बोटीने समुद्र ओलांडून येणार, थंडीत गवतावर खुर्ची टाकून बसणार, आणि भिंतीवरचा माणूस चालताना बघायच्या ऐवजी तुला भाचा दिसणार, चिमटा हातात घेऊन, कांद्याच्या धुरात! आणि ती चकती मी काढू कशी? चकतीशिवाय तो तुझा ऑस्बर्टच नव्हे. तो कुणीही ऐरागैरा सरदार झाला. तू ज्याच्याशी रोज बोलतेस त्याला ती आहे. एका सरकारी भिंगाला ती पितळेवर दिसली नाही, म्हणून तुझ्या हाताने उमटलेली वस्तू खोटी? पन्नास वर्षं भिंतीवर टांगलेली गोष्ट खोटी? मी तिला तोंडावर सांगितलं, की माझ्या मावशीने आयुष्यात एक रेघ वाकडी ओढलेली नाही.

तेव्हा काम एवढंच आहे. तू स्वच्छ अक्षरात लिहून, सही करून पाठव: 'ठसा घेताना कागदाखाली पितळेशिवाय दुसरी कोणतीही वस्तू नव्हती.' वकील नको, तुझा शब्द पुरे. उलट टपाली पाठव. हा शनिवार सोडून पुढच्या शनिवारी स्पर्धा आहे.

मांजराला माझा लाड, लिंबूचोराला माझा धाक. बक्कल सुटलं की स्वतः टपालात टाकीन.

तुझा संतप्त भाचा,
मर्विन

ता. क. नोरीन आली. बक्कल सुटलं. तिने पत्र वाचलं (मी दिलं नव्हतं) आणि झाकणाच्या भागावर बोट ठेवून मला विचारलं, "याचा संबंध नाही?" मी म्हणालो, नाही. ती तडक मागच्या शेडमध्ये गेली. बायका अशा तडक कुठे गेल्या की काळजी वाटते.

ता. क. २. काकांची हत्यारांची पेटी तू मला दिली होतीस. तिच्यातल्या एका डबीत मी तीन वर्षं रिव्हेट ठेवतोय. झाकणावर काळ्या वंगणाचा बोटभर थर होता, तो काढायचं कारण पडलं नाही. नोरीनने तो केरोसिनने पुसला. खाली उठावाची अक्षरं निघाली: बुटांचं काळं मेण, वॉटरप्रूफ. मग तिने ते झाकण माझ्या चकतीवर ठेवलं. मावशी, काडीचा फरक नाही. त्याच डबीतले रिव्हेट काढून मी ती चकती ठोकली होती.

मी तासभर ऐरणीवर बसलो होतो. बेचाळीस पानं! ओराबेल! फादर किओघ! पहिल्यांदा राग आला, तुझा, काकांचा, ऑस्बर्टचा. मग राग कुणावर धरायचा तेच कळेना. ते झाकण बाकांखाली शोधत काका रांगत होते आणि ते तुझ्या कागदाखाली होतं. तू त्याच्यावरून हात फिरवत होतीस, आणि वर त्यांनाच बोलत होतीस. तेव्हा शेवटी ते कुठे सापडलं हे तू आम्हाला एकाही नाताळला सांगितलं नाहीस. आताही सांगू नकोस. आणि ते सही केलेलं पत्र तर मुळीच पाठवू नकोस, तुला खोटं लिहावं लागेल.

ता. क. ३. रोवेनाला फोन केला. झाकणाचं सगळं सांगितलं. तर म्हणाली, "नक्कल मात्र तू हुबेहूब केलीस रे." मी विचारलं, आता चकती काढू का? तर म्हणाली, "मी कशाला सांगू? झाकलेलं मी बघत नाही, नियम माहीत आहे ना तुला." आणि फोन ठेवला. बाई वाटते तेवढी वाईट नाही. डडली वाटतो तेवढाच वाईट आहे.

म्हणून खरं काम हे, वरचं सगळं विसर. चिलखतावरून घालायचा एक अंगरखा शिवून बोटीवर बरोबर घेऊन ये. निळं जाड तागाचं कापड, बिनबाह्यांचा, मांडीपर्यंत. गेल्या नाताळला मी छाती बेचाळीस सांगितली होती. ती खोटी होती. पन्नास धर, आणि हे नोरीनला कळू देऊ नकोस. डाव्या कुशीला कापड जरा सैल ठेव, आवळून शिवू नकोस. तिथे काका आहेत.