चार बोटं उंच गवत

१४ जुलै १९८६

आज पराक्रम केला! गराजमध्ये एक विळा टांगलेला सापडला. मुलगा संजीव कामाच्या शोधात बाहेर गेलेला, घरापुढचं गवत माजलेलं. बसले उकिडवी आणि दोन तासांत सगळं कापून काढलं. अगदी मुळाशी, बोटभरही वाया नाही. भारे बांधून भिंतीला लावले. वर्ध्याच्या बाजारात तीस वर्षं गवत विकलं — हात काही विसरत नाहीत.

नात दीपा खेळून आली. ते बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाली नि आत पळाली. सुलेखा बाहेर आली आणि पायरीवरच बसली. माझी सून हसतेय की रडतेय, मला कळेना. (मी सांगतेय तसं लिही, सुलेखा. तुझ्याबद्दल आहे म्हणून गाळू नकोस.)

मग तिने सांगितलं. घर विकायला काढलंय, ते मला ठाऊक होतं. मार्चमध्ये तेलाच्या कंपनीने संजीवला काढलं, इथे डेन्व्हरमध्ये त्याच्या कामाचं कुणाला काही पडलेलं नाही. टेक्सासला, शुगर लँडला, त्याचा दोस्त प्रताप काम बघून देतो म्हणतोय. पण गिऱ्हाईक आधी गवत बघतं नि मग घर, हे मला कुणी सांगितलं होतं? गवत बघायचं असतं? आमच्याकडे ते खायचं असतं. म्हणजे, म्हशीने.

२३ जुलै

गवत आधी पिवळं पडलं, आता गोणपाटासारखं झालंय. इथलं ऊन डोंगरावरचं, हवा अशी कोरडी की पापड तासाभरात वाळतात. संजीव म्हणाला, असू दे आई. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२६ जुलै

शेजारची आर्लीन आली. सत्तरीची, नवरा वारलेला, हयात शेतावर गेलेली. तिचे हात बघितले आणि जिवाला बरं वाटलं — माझ्यासारखेच, भेगाळलेले. ती काय म्हणते ते दीपा मराठीत सांगते, मूड असला तर.

आर्लीनने माझा पंजा जमिनीवर आडवा ठेवला. इतकं, म्हणाली. चार बोटं उंच ठेवायचं, म्हणजे गवत आपल्याच मुळांवर सावली धरतं, ओल टिकते. आणि बी आत्ता टाकायचं नाही. ऑगस्ट सरता सरता, रात्री गार झाल्या की. थंडीतलं गवत आहे हे, उन्हाळ्यात रुसतं.

एवढी शहाणी बाई, पण मला एकदाही हसली नाही. मी असते तर हसले असते.

२५ ऑगस्ट

बी टाकलं. आर्लीनने दिलं. जमीन दाताळ्याने खरवडली, वर पेंढ्याचा पातळ थर. दिवसातून तीनदा नुसतं शिंपडायचं, नाहीतर वारा ओल पिऊन टाकतो.

नळ फिरवला की पाणी! या वयात गवताला पाणी घालायला मिळतंय. आम्हाला प्यायला मिळवताना बाबासाहेबांना तळ्यावर जावं लागलं. संजीव म्हणाला, आई, जास्त नको. त्याला काय सांगू, माझं पोट भरत नाही.

३० ऑगस्ट

काही नाही.

३ सप्टेंबर

अजून काही नाही. पाखरं मात्र जाडजूड झाली.

तांदळाच्या डब्यात घडी घातलेला कागद सापडला. मी सुलेखाला म्हटलं, तांदळाला आता पत्रं येतात का? तिने तो वाचून दाखवला. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमधून आलंय — या, काम आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उत्तर द्या. नागपूरची एम.एस्सी. आहे माझी सून, दहा वर्षं भाकऱ्या थापतेय.

संजीवला का नाही सांगत? तर म्हणे, तो घरी बसलेला, मी कामाला जाऊ? त्याला काय वाटेल? घर विकून गेलो की प्रश्नच मिटेल.

हे सगळं तीच लिहितेय. पेन दोनदा खाली ठेवलं तिने. मी म्हटलं, उचल.

१० सप्टेंबर

आलं! पेंढ्यातून हिरवी लव! जमिनीशी डोळे नेले तर दिसते, उभं राहून नाही. तिघींना पालथं झोपायला लावलं — सुलेखा, दीपा, आर्लीन. पोस्टमन बघत उभा राहिला. देवाला मी मानत नाही, पण कुणाचे तरी आभार मानायला हवे होते, म्हणून आर्लीनचे मानले. जय भीम म्हटलं तिला. तीही म्हणाली, तिच्या उच्चारात.

२८ सप्टेंबर

चार बोटं झालं. संजीवने गवत कापायचं मशीन वर उचलून लावलं आणि नुसती शेंडी कापली. सकाळी दहिवर गोठतं. त्यावर पाय द्यायचा नाही, पाती काचेसारखी मोडतात. दीपा आता मलाच ओरडते: आज्जी, नो!

४ ऑक्टोबर

गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं. बाईने चप्पल काढून गवतावर पाय ठेवला, नवऱ्याकडे बघून हसली. संध्याकाळी फोन — घर पाहिजे. परवा सही.

सुलेखाने सगळ्यांना चहा केला. त्यात साखर नव्हती. सगळ्यांनी तसाच संपवला.

गवत उगवलं याचा आनंद करू की काय करू? मीच तर उगवून आणलं.

५ ऑक्टोबर

जेवताना मी संजीवच्या पुढ्यात लॅबचा तो कागद ठेवला. त्याने वाचला. विचारलं, हे कधीचं? सुलेखाने कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, मग मी घरी बसून काय करू?

मी म्हटलं, "तुझ्या बापाची गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या गवतावर चूल पेटायची. भारा एकटीने डोक्यावर चढत नाही, बाळा. रोज पहाटे तो चढवून द्यायचा. त्यात त्याची मान कधी खाली गेली नाही."

तो उठून बाहेर गेला. कागद हातात घेऊन पायरीवर बसला.

१३ ऑक्टोबर

सही झालीच नाही, दारातली घर विकायची पाटी निघाली. सुलेखा सातलाच लॅबमध्ये गेली, म्हणून आज संजीव लिहितोय. अक्षर कसं आहे ते मला कळत नाही; दीपा म्हणते, बॅड. मी म्हटलं, आधीची पानं वाच, कुठवर आलोय ते कळेल. तर वाचतच बसला. चहा गार झाला. मग नाक पुसलं, पेन उचललं आणि म्हणाला, हं आई, सांग.